आठ-दहाची वेळेवर सुटली

स्टेशन कचेरी,
मंगळवार, दुपारी एक

प्रिय नकाशेबुवा,

या नावावर तू आता चिडतोस, ठाऊक आहे मला. रस्तेखात्याचा कार्यकारी अभियंता म्हणजे काय गंमत आहे का! पण आप्पांच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर पेन्सिलीने रस्ते काढत बसणारा, आणि आईने जेवायला हाक मारली की "अजून एक पूल राहिलाय" म्हणून ओरडणारा पोरगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, त्याला मी काय करू? साहेबाला लिहायचं असतं तर वर जावक क्रमांक टाकून टपालात घातलं असतं. हे मी भावाला लिहितेय. बारा-चाळीसची आत्ताच गेली. आता पाच-वीसपर्यंत शहराकडे गाडी नाही, मध्ये फक्त तीन-दहाची उलटी येईल. साडेचारला तुझी लेक, ठिपकी, शाळेतून येते. तिच्या आत हे लिहून व्हायला हवं, कारण तिच्यादेखत मला हे लिहिता येणार नाही. पाच-वीसच्या गार्डच्या हाती पाकीट देईन, म्हणजे उद्या सकाळी तू कचेरीत शिरशील तेव्हा ते टेबलावर असेल. गुरुवारी सुनावणी. त्याआधी तू हे वाचलंच पाहिजेस. आणि अर्ध्यावर संतापून फाडू नकोस, ही एकच विनंती. फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

रविवारी फोनवर आपण भांडलो, त्याचा राग माझ्या मनात नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे. "ताई, रिकामे डबे ओढायला लोकांचा पैसा आणखी किती वर्षं जाळायचा?" असं तू म्हणालास तेव्हा मी फोन आपटला. रिकामे म्हणे! तुझी माणसं रस्त्याच्या कडेला छत्र्या लावून सात दिवस मोटारी मोजत बसली होती, आणि माझ्या फलाटावर एकच दिवस आली, तोही शाळा-कॉलेजांना सुट्टी असलेला. त्या दिवशी फलाटावर मी, एक कुत्रं आणि वजनकाटा. तेवढेच मोजून गेले. सोमवारी सकाळी ये म्हणावं त्यांना. नर्सिंगच्या मुली, गिरणीतली माणसं, डायलिसिसला जाणारे ते सुतारकाका, डोळ्यांच्या थेंबांची बाटली हातात धरून बसणाऱ्या म्हाताऱ्या. यांच्यातल्या एकाच्याही दारात मोटार नाही. निधी एकच आहे, कबूल. एक तर त्यातून तुझा रस्ता चौपदरी होईल, नाहीतर माझ्या मार्गाचे रूळ बदलतील आणि बंद केलेल्या गाड्या परत येतील. दोन्ही व्हायचं नाही. पण रस्ता नकोच, असं मी कधी म्हटलंय का रे? भाजीचा ट्रक काय माझ्या डब्यातून जाणार आहे? बाळंतीण अडली तर ती आठ-दहाची वाट बघत बसणार आहे? मला कळतं ते. दहा वर्षांनी तुझे चार पदरही भरतील आणि तू सहा मागशील, हेही मला कळतं, पण ते भांडण आज नको. आज माझ्याकडे वेळ कमी आहे.

मी फोन आपटण्याआधी तू जे सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. गुरुवारी समितीपुढे तू आकडे बाजूला ठेवून उभा राहणार आहेस. म्हणणार आहेस, की माझ्या बायकोचा आगगाडीवर भरवसा नव्हता म्हणून ती जीपने गेली, आणि या दोन पदरी रस्त्याने तिचा जीव घेतला. मधे दुभाजक असता तर ती समोरच्या ट्रकखाली गेली नसती. आणि मला म्हणालास, ठिपकीला चांगला फ्रॉक घालून घेऊन ये, तिला पुढच्या रांगेत बसव, समितीला दिसू दे काय गेलंय ते. तुझा आवाज अगदी शांत होता. तीन वर्षं तू तिच्याविषयी चकार शब्द काढला नाहीस. बदली मागून घेतलीस, लेकीला माझ्याकडे ठेवलंस, महिन्यातून दोनदा येऊन तिच्या वह्या तपासून परत गेलास. आणि बोलणार आहेस ते हे, तेही भर सभेत. तुला थांबवायला हवं होतं तेव्हा मी फोन आपटला. रागाने नाही आपटला. घाबरून आपटला.

ठिपकी बरी आहे. दोन दात पडलेत, त्यामुळे हसली की तू लहानपणी दिसायचास तशी दिसते. गणितात बरी, हस्ताक्षरात भयंकर. उंची दोन बोटं वाढली, तरी नाव ठिपकीच. मागच्या आठवड्यात तिने बाईंना सांगितलं, की माझे बाबा रस्ते बांधतात आणि आत्या गाड्या सोडते, म्हणून आमच्या घरी सुट्टीच्या दिवशी कुणीच नसतं. बाई मला येऊन सांगत होत्या, हसत हसत, पण मला काही हसू आलं नाही. रात्री माझ्या अंगावर पाय टाकल्याशिवाय तिला झोप येत नाही. मला मूल नाही, संसार नाही, हे स्टेशन आणि ती पोरगी एवढंच आहे. हे मी तुला माझी कीव यावी म्हणून लिहीत नाहीये. पुढचं वाचताना तुझ्या लक्षात असावं, की हे सांगून माझं काय जाऊ शकतं. तिला घेऊन जायचा तुझा हक्क आहे आणि तू तो बजावलास तर मी दारात आडवी येणार नाही. पण इतकी वर्षं मी गप्प बसले ती याच भीतीने.

आप्पांचा पांढरा दगड आठवतो तुला? आठवणारच. फाट्यावरून स्टेशनाकडे येणारी वाट नळापाशी वळते, तिथला तो चुन्याने रंगवलेला. आप्पा या फाटकावर गेटमन होते तेव्हापासूनचा नियम. गाडी उभी असताना जो कुणी पळत येऊन तो दगड ओलांडेल, तो आपला प्रवासी, त्याला घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही. दगडाच्या अलीकडे राहिला तर त्याचं नशीब. कुठल्याही पुस्तकात हा नियम नाही, पण मास्तर पाळायचे, गार्ड पाळायचा, ड्रायव्हर तर आधी वाटेकडे बघायचा आणि मग सिग्नलकडे. तू कॉलेजला जायला लागलास तेव्हा रोज दगड ओलांडून मग बूट घालायचास, तुला माहीत होतं ना गाडी जात नाही म्हणून! आप्पा शिव्या घालायचे, पण हात वर करून उभे राहायचे. एक मिनिट, फार तर दीड. पुढच्या उतारावर ड्रायव्हर भरून काढायचा. मी इथे मास्तर म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी आप्पांनी मला बाकी काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, सुटायच्या वेळी तोंड वाटेकडे ठेव.

मग ते परिपत्रक आलं. सव्वातीन वर्षांपूर्वीचं. तोट्यातले शाखामार्ग बंद करायचे, पण ज्या मार्गावर गाड्या वेळेवर धावतात त्यांचा विचार होईल. एक मिनिट उशीर म्हणजे उशीर, कारण काहीही असो. त्याच्या आदल्याच वर्षी आपली नऊ-वीसची काढून घेतली होती, आठवतं? आठ-दहाच्या नंतरची एकदम बारा-चाळीस. माझ्या मनाने घेतलं की आता उरलेलंही जाणार. मग मी पेटले. तुला माझा स्वभाव माहीत आहे, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. पांढऱ्या दगडाचा नियम बंद, असं सगळ्यांना सांगितलं. ड्रायव्हरला सांगितलं, गार्डला सांगितलं, फलाटावर पाटी लावली. लोक कुरकुरले. सुतारकाकांची गाडी दोनदा चुकली, त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पण नोंदवहीचं पान बघितलं की मला बरं वाटायचं. वेळेवर, वेळेवर, वेळेवर. एका खाली एक, माझ्या अक्षरात. पहिला महिना असा की त्यात एकही उशीर नाही. एकोणतीस दिवस झाले होते. तिसावा दिवस तेवढा राहिला होता.

थांब, तीन-दहाची आली. जाऊन येते.

आले. चौघे उतरले, एक चढला. हे तुला सांगितलं म्हणजे तू लगेच टिपून घेशील, घे! पण आत्ता फलाटावर उभी होते तेव्हा माझं मलाच जाणवलं, म्हणून ते आधी लिहिते, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. तीन वर्षं मी गाडी सुटताना वाटेकडे पाठ करून उभी राहते. मुद्दाम. पाठ केली की पळत येणारं कुणी दिसत नाही, आणि दिसलं नाही की थांबवायचा प्रश्न येत नाही. इथल्या लोकांना वाटतं, मास्तरीणबाई शिस्तीच्या आहेत. हमालाला वाटतं, मला उन्हाचा त्रास होतो. खरं कारण फक्त मला माहीत होतं. असं मला रविवारपर्यंत वाटत होतं.

तो तिसावा दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, पण तुला माहीत आहे तो दुपारपासूनचा. सकाळचा मी सांगते. तू पुलाच्या कामावर पहाटेच निघून गेला होतास. ठिपकीची शाळा बंद होती, म्हणून शहरातल्या दवाखान्यात ड्यूटीला जाता जाता तिची आई पावणेआठला तिला माझ्याकडे सोडायला आली. माझ्या टेबलावरचा चहा अर्धा पिऊन तिने ठेवला, आणि पर्स चाचपून म्हणाली, अगं बाई, दवाखान्याच्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या घरीच राहिल्या! कपाट उघडलं नाही तर सकाळची इंजेक्शनं खोळंबतील. ताई, आलेच, म्हणत ती पळाली. घर दहा मिनिटांवर. जायला दहा, यायला दहा, मी मनात हिशोब केला होता. तिला जमेल असं वाटलं होतं मला, शपथेवर सांगते.

आठ-दहाची आली, वेळेवर आली. माणसं चढली. मी फलाटावर हातात बावटे घेऊन उभी, शेजारी ठिपकी माझा पदर धरून. आठ वाजून दहा झाले. मी वाटेकडे पाहिलं. ती येत होती. नळाच्या वळणावर, केस सुटलेले, एका हाताने साडी वर धरलेली आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. तो ती वर करून मला दाखवत होती. दगड तिने ओलांडला होता रे. दहा पावलं आत आली होती. ड्रायव्हरनेही तिला बघितलं. त्याने माझ्याकडे पाहून हात हलवला, थांबू का, म्हणून. तुझ्या बायकोला तो ओळखत होता, सगळेच ओळखत होते. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हिच्यासाठी थांबवली तर लोक म्हणतील, सुतारकाकांची गाडी सोडली आणि भावजयीसाठी धरली. आणि मला वाटलं, आज तिसावा दिवस आहे. आधी काय वाटलं आणि नंतर काय, ते मी इतक्यांदा आठवून पाहिलंय की आता सांगता येत नाही. मी हिरवा बावटा दाखवला. ड्रायव्हर एक क्षण तसाच माझ्याकडे बघत राहिला. मग गाडी हलली.

ती फलाटावर पोचली तेव्हा शेवटचा डबा सिग्नलपाशी होता. मला वाटलं होतं ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल. तर ती धापा टाकत हसली. म्हणाली, ताई, दगड ओलांडला होता की हो मी! ठिपकीचा गालगुच्चा घेतला. तेव्हा नऊ-वीसची असती तर ती माझ्या बाकावर बसली असती, उरलेला चहा पिऊन, ठिपकीची वेणी घालून, आणि तासाभराने गेली असती. पण बारा-चाळीसपर्यंत इंजेक्शनं कशी थांबणार? ती घुटमळली. जीपमध्ये माणसं कोंबतात, मला भीती वाटते, म्हणाली. आणि मी म्हटलं, ऐक, हे मी म्हटलं, माझ्या तोंडाने: अगं एक दिवस जा जीपने, काय होतंय, पळ, भरायच्या आत फाट्यावर पोच. ती पळाली. वळणावरून तिने ठिपकीला हात केला. मी आत येऊन नोंदवहीत लिहिलं. ते पान तू गुरुवारी बघशीलच. आमच्या वरच्या साहेबांनी मला नेमका तोच महिना समितीपुढे मांडायला सांगितलंय, शाखामार्गावर शंभर टक्के वेळेवर धावलेला एकमेव महिना म्हणून. मला त्याबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं होतं. तू विचारलंस एकदा, भिंतीवर चौकट रिकामी का म्हणून. ते पत्र मी काढून खणात टाकलंय.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणीतरी तुला विचारलं, रोज गाडीने जाणारी बाई आज जीपने का गेली? आणि तू म्हणालास, गाड्यांचा भरवसा आहे का काही, कंटाळली असेल. मी तुझ्या शेजारी उभी होते. एका वाक्याचं काम होतं. नाही रे, ती गाडीलाच येत होती. पण मी मूग गिळून गप्प बसले. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या गेला. मग वाटलं, एवढ्यात नको, आधी सावरू दे. मग तू ठिपकीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणालास, ताई, आता तूच हिला बघ, माझा फक्त तुझ्यावर भरवसा आहे. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते? आणि तू तुझ्या त्या एका वाक्यावर तीन वर्षं काम केलंस. रात्रीचा दिवस केलास. कुठल्या वळणावर किती माणसं गेली याचा नकाशा काढलास, एकोणिसाव्या किलोमीटरवर लाल टिंब घातलंस. ते टिंब मी पाहिलंय. तू चहा आणायला गेलास तेव्हा गुंडाळी उघडून पाहिलंय. रस्त्याचा दोष खोटा नाही. जीपवाल्याने वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकायला नको होतं, आणि मधे दुभाजक असता तर तो समोरच्या ट्रकपुढे जाऊच शकला नसता, हे मला मान्य आहे. नऊ-वीसची असती तर ती त्या जीपमध्ये नसती, हेही तू मान्य कर. पण हे सगळं मी नंतर मांडलेलं. पैसे कुणाला मिळाले असते तर ती वाचली असती, याचा खल समिती करेल, तिचं कामच ते. तिच्यापुढे पैशांचा प्रश्न आहे. माझ्यापुढे एका मिनिटाचा होता, आणि ते मिनिट माझ्या हातात होतं.

चार वाजत आले. आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. रविवारी फोन आपटल्यावर तासाभराने मी ठिपकीला समजवायला बसले. म्हटलं, गुरुवारी आपण बाबांकडे जायचं, तिथे खूप माणसं असतील, बाबा आईबद्दल बोलतील, तू घाबरायचं नाहीस. काय बोलतील, तिने विचारलं. मी म्हटलं, की आईचा गाडीवर भरवसा नव्हता म्हणून ती जीपने गेली. ती वहीत काहीतरी खोडत होती. मान वर न करता म्हणाली, पण आत्या, आई तर गाडीलाच येत होती ना? किल्ल्या दाखवत होती. तू बावटा दाखवलास. पाच वर्षांची होती ती. मला वाटत होतं तिला काही आठवत नाही. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस गं? तर म्हणाली, तू रडशील म्हणून. तीन वर्षं माझ्या अंगावर पाय टाकून झोपणाऱ्या पोरीने हे पोटात ठेवलं, माझ्यासाठी. मग तिने खोडरबर ठेवलं आणि विचारलं, बाबांना माहीत नाहीये? तू सांगशील का मी सांगू? मी म्हटलं, मी सांगते. म्हणून हे पत्र. माझ्या आठ वर्षांच्या भाचीवर ते ओझं टाकून मी पुढच्या रांगेत बसणार नाही. गुरुवारी तू रस्ता माग, जीव तोडून माग, मी तुझ्या विरुद्ध बाजूला बसेन आणि गाड्या मागेन. मला त्या महिन्याविषयी विचारलं तर तो कसा झाला ते मी भर सभेत सांगणार आहे, मग आमच्या साहेबांचं काय व्हायचं ते होवो. पण तिचा भरवसा नव्हता हे वाक्य तेवढं म्हणू नकोस. होता रे. दहा पावलं आत आली होती ती. आम्ही दोघी आठ-दहाने निघणार. बदली मास्तर येतोय, पण बावटा मीच दाखवीन आणि मग चढेन. ठिपकीच्या दोन पिशव्या भरल्यात, एक सुनावणीपुरती, एक कायमची. कुठली उचलायची ते तू ठरव, आणि त्याआधी तिला न्यायचं असेल तर स्वतः ये. मोटार फाट्यावर लाव, पुढे वाटेने चालतच यावं लागतं. उशीर झाला तर पळू नकोस. तू दगडापाशी दिसलास की गाडी थांबेल, किती का मिनिटं होईनात. नोंदवहीत मी लिहीन, उशिरा, आणि कारणाच्या रकान्यात लिहीन, भाऊ येत होता. परवा मी वाटेकडे तोंड करून उभी आहे.

तुझीच,
ताई